भाकरी काढली, पण तिच्या जागी काय ठेवलं?



मागच्या महिन्यात मी एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वही भरून झाली, सह्या-अंगठे झाले आणि चहा आला. गटातल्या एका तरुण सुनेनं कप बाजूला सारला. म्हणाली, "ताई, मी साखर सोडलीय. भाकरी, पोळी, भात, सगळंच सोडलंय. दीड महिना झाला."

मी विचारलं, "वजन जास्त होतं का गं?" तर नाही. उंची साधारण १५० सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना थोडी कमी. वजन होतं ४७ किलो. या उंचीच्या बाईचं वजन साधारण ४२ ते ५१ किलोच्या दरम्यान असलं की ते योग्य धरतात. म्हणजे तिचं वजन अगदी बरोबर होतं. आता ते ४३ वर आलं होतं. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "खुरपायला गेली की बांधावर बसून राहते. दोनदा चक्कर आली तिला."

"असं का केलंस?" म्हटल्यावर ती म्हणाली, "माझ्या आईला शुगर आहे. मावशीलाही आहे. मला नको व्हायला. मोबाईलवर बघितलं, धान्य सोडलं की शुगर होत नाही."

"मग भाकरीच्या जागी काय खातेस?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकडी खाते. कोबीची भाजी खाते. कधी नुसतं ताक पिते."

मैत्रिणींनो, तिची भीती खरी आहे, आणि तिला हसायचं कारण नाही. मोबाईलवर तिनं पाहिलं त्याला 'लो-कार्ब' आहार म्हणतात. म्हणजे भाकरी, पोळी, भात, बटाटा, साखर, गूळ असे पिठूळ आणि गोड पदार्थ कमी करायचे. हा आहार काल-परवा निघालेला नाही. त्याचा इतिहास मोठा आहे, आणि तो ऐकला की कळतं की हा उपाय मुळात कुणासाठी निघाला आणि कुणासाठी निघाला नव्हता. म्हणून आज तो इतिहासच सांगते.

एकच रोग, दोन रोगी

सुरुवात आपल्याच देशातून करू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत, चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत, 'प्रमेह' नावाच्या रोगाचं वर्णन आहे. लघवी जास्त होते, ती गोड असते, तिला मुंग्या लागतात, असं त्या वैद्यांनी पाहून ठेवलं होतं. आज ज्याला आपण मधुमेह किंवा शुगर म्हणतो, तो यातच येतो.

चरकानं एक फार शहाणपणाची गोष्ट सांगितली. या रोगाचे रोगी दोन प्रकारचे असतात. एक जाडजूड आणि ताकदवान, दुसरा कृश आणि अशक्त. दोघांना एकच उपाय करायचा नाही. जाड रोग्याच्या अंगातलं वाढलेलं काढायचं, आणि बारीक रोग्याला पोसायचं, त्याचं बळ वाढवायचं. धान्यात या रोग्यांना जव द्यावेत, असंही सांगितलं आहे. म्हणजे धान्य पार बंद केलेलं नव्हतं. कोणतं द्यायचं ते ठरवलेलं होतं.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट लोक पुन्हा पुन्हा विसरले.

फौजेतल्या डॉक्टरचा उपाय

आता इंग्लंडला जाऊ. तिथे जॉन रोलो नावाचे फौजेतले एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे कॅप्टन मेरेडिथ नावाचा, अंगानं जाड असलेला एक मधुमेही रोगी आला. रोलोंनी त्याचं धान्य आणि भाजीपाला जवळजवळ बंद केला आणि त्याला मांस, चरबी आणि दुधावर ठेवलं. लघवीतली साखर कमी झाली. १७९७ मध्ये रोलोंनी हे पुस्तकात लिहिलं. तेव्हा मधुमेहावर दुसरं औषधच नव्हतं, त्यामुळे पुढची सव्वाशे वर्षं डॉक्टर या ना त्या रूपानं हाच उपाय करत राहिले.

इथे एक बघा. धान्य काढलं, पण रोग्याला उपाशी ठेवलं नाही. त्याच्या पानात मांस होतं, चरबी होती, दूध होतं.

जिना उलटा उतरणारे बँटिंग

या आहाराला खरी प्रसिद्धी मिळाली ती डॉक्टरमुळे नाही, तर एका रोग्यामुळे. त्यांचं नाव विल्यम बँटिंग. लंडनमध्ये त्यांचा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा घरचा धंदा होता. राजघराण्यातल्या लोकांच्या अंत्ययात्राही त्यांच्याच पेढीनं केल्या होत्या.

१८६२ साली बँटिंग ६५ वर्षांचे होते. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना पाठमोरा होऊन हळूहळू उतरावा लागे. त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. नाव वल्हवली, तर भूक वाढली. औषधी पाण्याची स्नानं केली, काही उपयोग झाला नाही. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांचं नाव विल्यम हार्वी. हार्वी पॅरिसला जाऊन क्लोद बर्नार नावाच्या शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून आले होते. यकृतात साखर कशी तयार होते, याचा शोध बर्नार यांनी लावला होता. ते ऐकून हार्वींना वाटलं, मधुमेह्याला जो आहार देतात तो जाड माणसालाही लागू पडेल.

त्यांनी बँटिंगना पाव, साखर, बिअर, बटाटे, दूध आणि लोणी सोडायला सांगितलं. त्याऐवजी सकाळ-दुपार-संध्याकाळ मांस किंवा मासे, भाज्या, थोडं फळ, आणि पावाचा एखादा कोरडा भाजलेला तुकडा. सुमारे वर्षभरात बँटिंगचं वजन ४६ पौंडांनी, म्हणजे जवळपास २१ किलोंनी उतरलं. ते सरळ जिना उतरू लागले.

आनंदाच्या भरात त्यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चानं एक छोटं पुस्तक छापलं आणि फुकट वाटलं. त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाली. इंग्लंडात वजन उतरवण्यालाच लोक 'बँटिंग करणं' म्हणू लागले. स्वीडनच्या भाषेत आजही वजन उतरवण्यासाठी खाणं कमी करण्याला 'बांता' म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला.

बँटिंग प्रामाणिक माणूस होता. त्यांनी पुस्तकात एक दाखला दिला आहे. घोड्याचं रोजचं खाणं गवत आणि धान्य. त्याला कडधान्याचा खुराक कामाच्या काळात, विशेष वेळी चालतो, पण तोच खुराक रोज दिला तर अपाय होतो. तसंच माणसाचंही आहे. तरुणपणी जे अन्न गुणाचं असतं, तेच उतारवयात बाधतं. म्हणजे आपला उपाय आपल्यासारख्या जाड आणि उतारवयाच्या माणसाचा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण पुस्तक हातोहात फिरू लागलं की ते कुणासाठी लिहिलं होतं, ते मागे पडतं. तेव्हा पुस्तकाचं झालं, आता मोबाईलचं होतं.

वीस किलोची एलिझाबेथ

आता एका मुलीची गोष्ट. ही ऐकताना मला नेहमी आपल्या त्या सुनेची आठवण येते.

अमेरिकेत एलिझाबेथ ह्यूजेस नावाची मुलगी होती. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूजेस पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. १९१९ मध्ये, ११ वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. हा मुलांना होणारा मधुमेह. यात शरीर इन्सुलिन बनवणंच सोडून देतं. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींत नेणारा रस. तो नसला की मूल खातं, पण अंगी काही लागत नाही. अशी मुलं तेव्हा बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत.

न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रेडरिक अॅलन यांनी एक कडक उपाय काढला होता. धान्य तर बंदच, पण एकूण खाणंच इतकं कमी करायचं की लघवीत साखर उतरू नये. एलिझाबेथ आधीच बारीक होती. तिला काही दिवस फक्त चारशे कॅलरींवर ठेवलं जाई. शेतात काम करणाऱ्या बाईला दिवसाला दोन हजारांहून जास्त कॅलरी लागतात, यावरून अंदाज करा. अॅलन दुष्ट नव्हते. हा उपाय रोग बरा करणार नाही, फक्त दिवस लांबवेल, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिच्या आई-वडिलांनाही. काहीतरी औषध निघेल, तोवर पोरगी जगली पाहिजे, एवढीच आशा होती.

आणि औषध निघालं. कॅनडात टोरँटोच्या विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. या बँटिंगचं आडनाव लंडनच्या बँटिंगसारखंच आहे, पण माणूस वेगळा. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथला तिची आई टोरँटोला घेऊन गेली. तेव्हा ती १५ वर्षांची होत आली होती आणि तिचं वजन होतं ४५ पौंड. म्हणजे वीस किलो.

इन्सुलिन सुरू झाल्यावर पाव आणि बटाटा पुन्हा तिच्या ताटात आले. वजन वाढलं, उंची वाढली. तिनं शिक्षण घेतलं, लग्न केलं, तिला तीन मुलं झाली. १९८१ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी ती वारली.

या गोष्टीतून काय घ्यायचं? बारीक मुलीचं अन्न काढून घेणं हा तेव्हा अगदी शेवटचा, नाइलाजाचा उपाय होता. औषध हाती येताच डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते तिला पोटभर खाऊ घालण्याचं.

दोन धडधाकट माणसांचा प्रयोग

तुम्ही म्हणाल, "हे सगळे आजारी होते. ज्याचं वजन बरोबर आहे, अशा निरोगी माणसानं धान्य सोडलं तर काय होतं?" तेही पाहून झालंय.

विल्यामूर स्टेफान्सन नावाचे संशोधक उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ मुलुखात अनेक वर्षं तिथल्या इन्युइट लोकांबरोबर राहिले होते. तिथे शेती होत नाही, धान्य पिकत नाही. लोक मासे आणि सील मारून खातात. स्टेफान्सन म्हणायचे, मीही तेच खाऊन चांगला राहिलो. डॉक्टरांना पटेना. मग १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात ते आणि त्यांचे सोबती कार्स्टन अँडरसन डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाखल झाले. पुढे रुग्णालयाबाहेरही तोच आहार चालू ठेवून दोघांनी एक वर्ष फक्त मांसावर काढलं. दोघेही ठणठणीत राहिले.

पण त्यातल्या दोन बारीक गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. सुरुवातीला स्टेफान्सनना चरबी नसलेलं मांस दिलं, तर ते काही दिवसांतच आजारी पडले, जुलाब लागले. चरबी वाढवल्यावर बरे झाले. धान्यातून मिळणारी ताकद दुसरीकडून पुरी भरून काढावी लागली. त्यांच्या खाण्यातली निम्म्याहून कितीतरी जास्त ताकद चरबीतून येत होती.

दुसरी गोष्ट, पहिल्या आठवड्यात दोघांचं वजन थोडं उतरलं, पण ते अंगातलं पाणी होतं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात पिठूळ अन्नाचा थोडा साठा असतो आणि तो साठा आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो. धान्य बंद केलं की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. "आठ दिवसांत दोन किलो उतरले" असं कुणी सांगतं, त्यात बरंचसं हे पाणी असतं.

म्हणजे धान्य सोडून निरोगी माणूस जगूच शकत नाही, असं नाही. जगतो, पण काढलेल्या प्रत्येक घासाच्या जागी तेवढ्याच ताकदीचा दुसरा घास ठेवला तर. काकडी आणि कोबी ती जागा भरत नाहीत.

१९७२: तिकडचं पुस्तक, इकडचा दुष्काळ

पुढे १९७२ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट अॅटकिन्स यांचं पुस्तक निघालं. पाव, साखर, बटाटे सोडा. मांस, अंडी, लोणी पोटभर खा आणि वजन उतरवा, असं त्यात होतं. लाखो लोकांनी ते विकत घेतलं. आजचं मोबाईलवरचं लो-कार्ब बरंचसं तिथूनच चालत आलंय.

१९७२ म्हटल्यावर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं? त्यांना विचारा. बहात्तरचा दुष्काळ. पाऊस नाही, ज्वारी नाही, बाजरी नाही, जनावरं छावणीत. सरकारनं दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख लोक या कामांवर होते आणि त्यात बायांची संख्या फार मोठी होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग. पोटाला फडकं बांधून खडी फोडली. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. त्याची भाकरी नीट थापता येत नव्हती, पण तीच खाल्ली. कामावर पीठ, गूळ आणि तेलाची सुकडी वाटत, ती पोरांसाठी पदरात बांधून घरी आणत. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

एकाच वर्षी जगाच्या एका टोकाला जास्त खाऊन सुटलेल्या लोकांना धान्य सोडायला सांगणारं पुस्तक खपत होतं, आणि दुसऱ्या टोकाला आपल्या आया-आज्या एका भाकरीसाठी खडी फोडत होत्या. पुस्तक तिथल्या लोकांसाठी लिहिलेलं होतं. अंगावर वीस-तीस किलो जास्तीचे असणाऱ्या माणसाचा सल्ला ४७ किलोच्या, दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला जसाच्या तसा लागू होईल कसा?

मग बारीक माणसाला शुगर का होते?

आता त्या सुनेच्या भीतीकडे येऊ. "मी बारीक आहे, म्हणजे मला शुगर होणार नाही," असं आपल्याकडे म्हणता येत नाही. याचा शोध आपल्या पुण्याजवळच लागलाय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांच्या लक्षात आलं की आपल्याकडचे मधुमेही पुस्तकात लिहिल्यासारखे जाड नसतात. १९९३ पासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या शेतकरी घरातल्या आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. बाळं लहान असणार हे अपेक्षितच होतं. पण मोजल्यावर दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू कमी भरलेत, पोटातले अवयव लहान आहेत, चरबी मात्र त्या मानानं कमी झालेली नाही. बाळ दिसायला बारीक, पण आत चरबीचा वाटा जास्त.

मोठेपणीही हेच दिसतं. २००४ मध्ये डॉक्टर याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंची आणि वजनाचा हिशेब, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा सारखाच, २२.३. म्हणजे काट्यावर दोघेही बरोबर. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच सांगत होता.

आता याचा अर्थ नीट लावू. आपल्याकडच्या बारीक माणसात कमतरता आहे ती स्नायूंची. जेवणातली साखर खपवायचं मोठं काम स्नायू करतात. मग आधीच कमी भरलेल्या अंगाचं खाणं आणखी तोडलं, आणि डाळ-अंडी-दूधही वाढवलं नाही, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजवतं. शुगरच्या भीतीनं आपण जे करतो, त्यानं शुगरशी लढणारं अंगच कमी होतं. दोन हजार वर्षांपूर्वी चरकानं सांगितलं ते हेच. बारीक माणसाला पोसायचं.

याच गावांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गरोदर बायांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जास्त वजनाची झाली. म्हणजे ताटात काय वाढलं, यानं फरक पडला.

आपल्या ताटात खरी चूक कुठे आहे

तरी मोबाईलवरच्या सांगण्यात थोडं खरं आहे, तेही मान्य करू. आपल्या ताटात धान्याचा वाटा खरोखर जास्त झालाय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीत दिसलं की आपल्या खाण्यातली सुमारे ६२ टक्के ताकद पिठूळ आणि गोड पदार्थांतून येते. भाकरीसोबत पातळ कालवण, त्यात डाळ शोधावी लागते. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा. पाहुणे आले की पोहे, बिस्किटं. आणि बाईच्या वाट्याला तर शेवटी उरलेली भाकरी आणि तळाचा रस्सा. वरण पुरुषांना, दूध पोरांना.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलेलं दिवसाचं माप असं आहे. दोन हजार कॅलरीच्या खाण्यात धान्य २५० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मध्यम भाकरींचं पीठ. डाळी आणि कडधान्यं ८५ ग्रॅम, म्हणजे कोरडी पाऊण वाटी. भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-जवस यांसारखे दाणे ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. कष्टाचं काम असेल तर याहून जास्त लागतं. यात भाकरी आहे. पण तिच्या शेजारी बरंच काही आहे, आणि नेमकं तेच आपल्या ताटात नसतं.

म्हणून वजन बरोबर असलेल्या बाईनं काय करावं? चार भाकरी खात असाल तर तीन करा, पण चौथीच्या जागी मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, घट्ट वरण, पिठलं किंवा उकडलेलं अंडं ठेवा. जमत असेल त्यांनी मासे, मटण घ्या. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी चमचाभर जास्त घ्या. परसात तांदुळजा, अंबाडी, शेवगा लावा. चहातली साखर उतरवा, आणि चार कपांचे दोन करा. आधी ज्वारी-बाजरी काढायची की साखर-बिस्किट-मैदा, असा प्रश्न आला तर साखर-बिस्किट-मैदा काढा.

काही जणींनी मात्र स्वतःच्या मनानं धान्य अजिबात तोडू नये. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय वाढीचं असेल, वजन कमी असेल, तर हा आहार तुमचा नाही. ज्यांना शुगर आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात एकदम कमी करू नये. औषध तेवढंच राहिलं आणि खाणं घटलं, तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपू शकते. डॉक्टर औषधाचं माप बदलून देतात आणि मग धान्य कमी करता येतं. शुगर असलेल्यांना, वजन जास्त असलेल्यांना असा आहार कामाचा ठरतो, हे इतिहासानंच दाखवलंय.

आणि घरात कुणाला शुगर असेल, तर काट्यावर विसंबू नका. तिशीनंतर वर्षातून एकदा उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. सोबत हिमोग्लोबिनही बघा. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. खुरपताना येणारी चक्कर कशाची आहे, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या बैठकीत

त्या सुनेला मी हेच सगळं सांगितलं. तिच्या सासूबाई मन लावून ऐकत होत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान होत्या. सुकडीची चव त्यांना अजून आठवते. त्या सुनेला म्हणाल्या, "आमच्या आयांनी भाकरीसाठी धोंडे फोडले, आणि तू भरल्या घरात ती बाजूला सारतेस." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण वरणाचं खरं आहे. ते तुझ्यापर्यंत पोचतच नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या घरी वरण वाढायचा क्रम बदललाय, असं परवा कळलं. सुनेनं रक्त तपासून घेतलं. शुगर नाही, हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्यात.

तुम्हीही पुढच्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं सांगायचं, काल माझ्या ताटात भाकरीशेजारी काय होतं. वहीत लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा विचारा, आणि काय बदललं ते आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा.

नमस्कार.